नवरदेवाचा घसा

“अबे, आजच घसा बसवाचा होता का तुले?” श्याम वैतागला. पोरगी पाहायला अकोल्याला निघायची वेळ आणि नवरदेव मुका! देवमननं गळ्याला रुमाल गुंडाळला आणि खुणेनं सांगितलं, बोलायचं काम तुझं.

श्याम नाही कसा म्हणेल? अमरावतीत पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान दोघांचं. धंदा झकास, पण सरकारी नोकरी नाही म्हणून श्यामला नकारावर नकार. शेवटी त्यानं शपथच घेतली, आता पोरगी पाहायला जाणार नाही. मग घराबाहेर पडणंही सोडलं. तेव्हा रोज सकाळी दारात उभा राहून “चाल बे, शटर उघडाचं हाय” म्हणणारा हाच देवमन. सख्खा भाऊही इतकं करत नाही. आज त्याचं लग्न जमवल्याशिवाय परतायचं नाही, श्यामनं पक्कं केलं.

निघताना श्यामच्या मायनं, कौशल्याबाईनं, त्याच्याच हातावर दही-साखर ठेवली.

“माय, त्याले दे ना!”

“घसा बसल्यावर दही देतेत का कोनाले?” म्हणत तिनं डोळ्याला पदर लावला.

अकोल्यात पोरीच्या वडिलांनी, वामनरावांनी, दोघांना पंख्याखाली बसवलं. “नोकरी?”

“नोकरी नाई, काका. दुकान हाय. कोनाची हाजी हाजी नाई.” श्याम सुटला तो सुटलाच. “मी घरात तोंड लपवून बसलो होतो. या देवमननं हाताले धरून बाहेर काढलं मले. दिवा घेऊन शोधसान तरी असा मानूस भेटनार नाई!” वामनराव मान हलवत ऐकत राहिले. देवमनला मात्र मधूनच ठसका लागत होता.

प्रणाली चहा घेऊन आली. पहिला कप श्यामपुढे.

“आधी त्याले द्या,” श्याम घाईनं म्हणाला.

ती हसू दाबत तिथंच थांबली. “देवमनदादा मांगच्या रविवारी इथं येऊन तुमचं गुनगान करून गेले. तुमी आल्यापासून त्याइचंच करून राहिले. नवरदेवानं सोतःबद्दल काईच सांगाचं नसते का?”

श्यामनं देवमनकडे पाहिलं.

“बोल ना बे आता!” देवमन खणखणीत आवाजात म्हणाला.