पाहुण्यांचे पाहुणे

तीन दिवस झाले, भावाची पोर जेवायला म्हणून चटईवर टेकली नव्हती. आत्या दारात आली की सगळं घर उठून उभं राहतं, आणि ही तोकीलुपे? कॉम्प्युटरला डोळे चिकटवून नुसतं 'हं' म्हणते. अख्ख्या टोंगात बापाच्या बहिणीचा मान घरात सगळ्यांत वरचा; तिला कुणी असं 'हं' म्हणत नाही.

दाराशी भरून ठेवलेल्या पोरीच्या पिशवीला लेसीएली आत्याने पायानेच बाजूला सारलं. शुक्रवारचं विमान, न्यूझीलंड, सफरचंदांची तोडणी. पिशवीवर आत्यानेच दिलेला तपकिरी लोकरीचा स्वेटर. आज चार वाजता समुद्राखालच्या इंटरनेट केबलच्या ऑफिसातले साहेब पडद्यावरून बघणार होते. पोरीनं मांडलेलं खोटं नेटवर्क चाललं, तर नोकरी इथेच, नुकुअलोफात. नाही चाललं, तर सफरचंदं.

"खा." आत्याने तारोच्या, म्हणजे अळूच्याच, पानात शिजवलेलं मटण तिच्या पुढ्यात आदळलं. "आणि सांग, काय अडलंय?"

"तुम्हाला नाही कळायचं, आत्या."

"तुझा बापही बोलायला लागल्यापासून हेच म्हणतोय. सांग."

पोरीनं घास कोंबला. "हा कॉम्प्युटर. ह्याच्या पोटात मी दुसरा कॉम्प्युटर मांडलाय, नुसता सॉफ्टवेअरचा. आणि त्या दुसऱ्याच्या पोटात हे दहा राउटर, एकमेकांना निरोप पोचवणारे. खरा एकही नाही. दुसरा कॉम्प्युटर चालू होतो. आतले दहा काही केल्या उठत नाहीत."

पडद्यावर दहा लाल ठिपके होते. पोरीनं त्यांना बेटांची नावं दिली होती. वावाउ, हापाई, एउआ. एवढं आत्याला वाचता येत होतं.

"म्हणजे दुसरा हा पाहुणा. आणि हे दहा, पाहुण्याने आणलेले पाहुणे."

"तसंच."

"मग घरधनिणीला विचारलंस?"

"पाहुण्याकडून सगळी परवानगी दिलीय मी..."

"पाहुणा कोण लागून गेला परवानगी देणारा? तुझ्या आजोबांच्या मयताला हापाईची माणसं आली, मागे आणखी वीस जण घेऊन. मी मान हलवेपर्यंत एकाने तरी फाटकात पाय टाकला होता?"

पोरीचा घास गालातच राहिला. मग तिनं तो आतला कॉम्प्युटर बंद केला आणि बाहेरच्या, खऱ्याच्या सेटिंगमध्ये शिरली. तिथे एक चौकट रिकामी होती. ह्या पाहुण्याला आपले पाहुणे आणू द्यायचे का? तिनं खूण केली आणि आतला कॉम्प्युटर पुन्हा चालू केला.

एउआ हिरवं झालं. मग वावाउ. मग एकेक करत दहाही.

"आत्या!" पोर टाळी वाजवून उठली आणि घड्याळ बघून पुन्हा बसली. साडेतीन. "पण साहेबांनी अजून पाहिलं नाहीये. नाही आवडलं तर?"

आत्याने पिशवीवरचा स्वेटर उचलला, झटकला आणि काखोटीला मारला.

"तुझ्यासारखी मठ्ठ पोर साऱ्या बेटांत नाही," ती म्हणाली. "माझ्या नजरेखाली वाढलीस आणि विचारायचं कुणाला ते तीन दिवस कळेना. स्वेटर माझा मी नेतेय. इथे कुठे थंडी पडते?"