ओटीचा खण

पुराचं पाणी वेशीला लागलं, तरी माझे गहू पोत्यात भरायचेच होते. धाकटी जाऊ शालन मात्र दारात तयार. रेशनकार्ड प्लॅस्टिकमध्ये, सासूबाईंच्या गोळ्या डब्यात. कपड्यांची ट्रंक तर तिनं कालच उंचावरच्या शाळेत पोचवली होती.

"शिक जरा तिच्याकडनं," सासूबाई मला म्हणाल्या. अठरा वर्षं हेच ऐकतेय मी.

पाणी पायरीला टेकलं, तशा सासूबाई थांबल्या. "नदी दारात आलीय. तिची ओटी भरल्याशिवाय घर सोडायचं नाही. शालन, खण काढ."

शालनचा चेहरा उतरला. तिचे सगळे खण ट्रंकेत, ट्रंक शाळेत.

मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. माझी ट्रंक अजून पलंगाखालीच होती. तळातला कोरा हिरवा खण मी ऐटीत काढून दिला. सासूबाईंनी पहिल्यांदाच माझ्या पाठीवर हात ठेवला.

शालन खणाकडे बघत राहिली. सहा वर्षांपूर्वी तिनंच तो हौसेनं मला दिला होता. सगळ्यांनी तिच्या निवडीचं कौतुक केलं, म्हणून मी तो शिवलाच नव्हता.

"बरं झालं, अक्का," ती हळूच म्हणाली, "तुम्हाला आवडला नाही ते."