हातचे पाच खडे

“बाईला हितं लिंबाखाली बसीव आन तिच्या वाटचं खडं तूच येच,” बांधावर उभे असलेले बब्रुवान पाटील धोंडीबाला म्हणाले. “आत पाय ठिवायला जागा न्हाय. गाडा कुठं घालतूस?”

सल्ला चांगल्या मनानं दिलेला होता, आणि असल्या सल्ल्याला नाही म्हणणं फार जड जातं. धोंडीबा गाड्याची दोरी हातात धरून थोरल्या बहिणीकडं पाहू लागला.

दगडाबाईचे पाय लुळे. गाडा म्हणजे एक फळी आणि तिला कळंबच्या सुतारानं बसवलेली चार लाकडी चाकं. जमिनीपासून वीतभर उंच. समोर येरमाळ्याची जत्रा शेतभर वाकलेली होती. पालखीच्या दिवशी जो तो या रानातून चुनखडीचे पाच खडे वेचतो आणि ढिगावर वाहतो. त्याच चुन्यानं येडाई देवीचं देऊळ पांढरं होतं.

“पोलीस ॲक्शनच्या साली पाय गेलं, तवापासनं माझं खडं दुसरीच येचत्यात,” दगडाबाई म्हणाली. “येडाईला वाटत आसंल, दगडी मेली. वढ गाडा.”

धोंडीबानं ओढला. गाडा गर्दीत शिरला आणि घोटाळा झाला. फळी, चाकं, पुढं ओढणारा माणूस. लोकांना वाटलं, खडे न्यायला देवस्थाननंच गाडा फिरवलाय. ढिगापर्यंतची रेटारेटी वाचली म्हणून जो तो दगडाबाईच्या पदरात ओंजळ रिकामी करू लागला. “आवं, गाडा माझा हाय,” ती सांगत होती, पण हलगीपुढं तिचं कोण ऐकणार? घटकाभरात पदर भरला, फळी भरली, चाकं काळ्या मातीत रुतली.

“झालं की, अक्का,” धोंडीबा घाम पुसत म्हणाला. “शंभर जणांचं पुण्य पडलं तुझ्या पदरात.”

“त्यातला माझा खडा कुठला?”

धोंडीबानं खांद्यावरचं उपरणं काढून जमिनीवर पसरलं.

“लोकांचं लोकांच्या नावानं वाहून ये,” ती म्हणाली. त्यानं खडे उपरण्यात बांधून दोन खेपा केल्या. तिसऱ्या खेपेला तो गेला तेव्हा फळी मोकळी झाली.

मग ती वाकली. उभ्या माणसांना दिसत नव्हतं ते तिला दिसत होतं. टाचांच्या मधून, ढेकळांच्या आडून पांढरे खडे डोकावत होते. एक सापडला, दुसरा सापडला. बोटांवर कुणाचा तरी पाय पडला, तरी तिनं हात मागं घेतला नाही. पाचवा खडा मुठीत आला तेव्हा तिला रडू आलं, आणि ते तिनं येऊ दिलं.

“लेकी,” वरून आवाज आला. काठी टेकून एक म्हातारी उभी होती. “माजी कंबर वाकत न्हाय बग. तू खालीच हाईस, तर माजं बी पाच येचून दे की.”

दगडाबाईनं जवळचा एक खडा उचलला. हात वर नेता नेता ती थांबली, आणि तिनं तो पुन्हा जिथला तिथं ठेवला.

“काठी हितं फळीवर ठिवा, मावशी,” ती म्हणाली. “आन भार माझ्या खांद्यावर टाका. चाकं रुतल्यात, गाडा हालत न्हाय. वाका सावकाश. खडा कुठं जात न्हाय.”