टाचेवरचा डाग

लेलाने काडीवरचा कापूस जिभेवर फिरवला आणि चित्रातल्या बाळ येशूच्या पावलावर हलकेच घासला. जुन्या चित्रावरचा मळ काढायला थुंकीसारखं दुसरं काही नाही. बोळा तपकिरी झाला. तिने तो शेजारच्या बरणीत टाकला आणि नवा घेतला. बरणी भरत आली होती.

"थुंकी आटली वाटतं," ऑर्नेला बाई मागून म्हणाल्या. "परीक्षेच्या सकाळी खारवलेलं मांस खाऊ नये, हे तुमच्या जॉर्जियात सांगत नाहीत का कुणी?"

हे पाऊल नीट उजळलं तर जुनी चित्रं दुरुस्त करण्याचं प्रमाणपत्र मिळणार होतं, नाहीतर फ्लोरेन्सला रामराम करून घरी जायचं. बाईंनी भिंग लावून एकेक बोट न्याहाळलं. करंगळीवरचा रंग कधीच उडून गेला होता. तिथे लेलाने नख-बिख न काढता नुसता मातकट रंग भरून ठेवला होता.

"बरं आहे," बाई म्हणाल्या. हे शब्द त्यांच्या तोंडून वर्षातून एखाद्या वेळी निघत. "जे माहीत नाही, ते मनाने भरायचं नाही. एवढं कळलंय तुला. दुपारी सही करते."

लेलाला हसू आवरेना. तेवढ्यात असुंता आजी आल्या. चित्र ज्या डोंगरातल्या गावचं, तिथल्या चर्चच्या किल्ल्या त्यांच्याकडे असत. चित्र कसं झालंय ते बघायला त्या दोन बस बदलून आल्या होत्या. येताना सगळ्यांसाठी चेस्टनटच्या पिठाचा केक घेऊन आल्या होत्या. डबा बाईंच्या हातात देऊन त्या थेट चित्रापुढे गेल्या. वाकल्या. चष्मा पुसला, पुन्हा वाकल्या.

"टाचेवरचा डाग कुठे गेला?"

"काढला की, आजी," लेला मोठ्या अभिमानाने म्हणाली. "लोकांनी मुके घेऊन घेऊन पाऊल काळं केलं होतं."

"लोक बोटांचे मुके घेतात गं. टाचेपर्यंत कोण वाकतंय?" आजींनी हात कमरेपाशी धरून उंची दाखवली. "माझी लेक नेल्ला एवढी होती. तिचं तोंड टाचेपर्यंतच पोचायचं. त्या दिवशी तुतीचा मुरंबा खाऊन आली होती आणि मी ओठ पुसले नव्हते तिचे. त्याच हिवाळ्यात गेली. फोटोसुद्धा नाही. बावन्न वर्षं दर रविवारी मी त्या डागावर ओठ टेकते."

"आम्हाला कुणी सांगितलं नाही, आजी."

"तुम्ही विचारलं नाही, पोरी."

आजी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्याच उभ्या राहिल्या. भरलेला रंग काढता येतो, चढवलेलं वॉर्निश उतरवता येतं. काढलेला मळ तेवढा परत लावता येत नाही. हे बाईंनीच पहिल्या दिवशी शिकवलं होतं. लेलाला रडू येत होतं आणि रडायचा हक्क आपला नाही हेही कळत होतं.

आजींची नजर बरणीवर गेली.

"तो मळ यात आहे?"

"हो."

आजींनी बरणी दोन्ही हातांनी उचलून उजेडात धरली. आत साठ-सत्तर बोळे होते, सगळे एकाच रंगाचे. त्यांनी पिशवीतून इस्त्रीचा पांढरा रुमाल काढला आणि टेबलावर पसरला.

"यातला तिचा कुठला?"

लेलाने बाईंकडे पाहिलं. निकालाचा कागद त्यांच्या हातात होता, सही अजून व्हायची होती. बाईंनी मान खिडकीकडे वळवली.

लेलाने चिमट्याने एक बोळा उचलला, रुमालाच्या मधोमध ठेवला आणि म्हणाली, "हा."