टाकीचा साचा

"मिस्त्रीकाका, पेट्रोलच्या टाकीचा लाकडी साचा तुमच्याकडेच असणार, असं सगळे म्हणतात," कंपनीतून आलेली मुलगी म्हणाली. "मापं तर कुठल्याच कागदावर नाहीत. साचा मिळाला तर नव्या मोटारसायकललाही तीच टाकी बसवायची, असं परदेशी मालकांनी ठरवलंय. आणि पत्रा ठोकायला आम्हाला तुम्हीच शिकवायचं."

दिनकर मिस्त्रींनी चहा बशीत ओतला, पण बशी तोंडाला लावली नाही. तीस वर्षं त्यांनी त्याच साच्यावर टाक्या घडवल्या होत्या. कारखाना बंद पडला तेव्हा धोतरात गुंडाळून तो घरी आणला, देवासारखा जपला. मग गेल्या वर्षी कंपनी परदेशी लोकांनी घेतल्याचं पेपरात वाचलं आणि त्यांचं डोकंच फिरलं. परक्यांच्या हाती लागण्यापेक्षा राख झालेली बरी!

"आहे ना, काका?"

मिस्त्रींचे तळवे नकळत हवेतच टाकीच्या उतारावरून फिरले.

शेवटी स्वयंपाकघराच्या दारातून बायकोच बोलली, "न्हाणीच्या बंबात घातला यांनी. जुनं सागवान होतं, बाई. दुपारपर्यंत पाणी निवलं नव्हतं."