बिनअंड्याचा केक

पुण्याहून आलेल्या केकच्या खोक्यांचा गठ्ठा सिद्धाप्पाने सोडला आणि तो थबकला. खोक्यावरचा शाकाहारी मालाचा हिरवा ठिपका गेला होता. त्याच्या जागी तपकिरी ठिपका होता.

"अमरेश, ह्ये काय?"

कंपनीचा माणूस अमरेश काउंटरवर कागद मांडत होता. "नवी रेसिपी आहे, आप्पा. थोडं अंडं पडतं. केक हलका होतो."

"आजपासनं?"

"गेल्या महिन्यापासून. हिरव्या ठिपक्याचे छापील खोके शिल्लक होते, नवा केक आधी त्यांत भरून ते संपवले."

सिद्धाप्पा मटकन स्टुलावर बसला. शाहूपुरीतली स्वतःची चालती बेकरी मोडून त्याने ही फ्रँचायझी घेतली होती. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका, असं बायकोने बजावलं होतं. पण अमरेश आपल्यातला, गळ्यात लिंग असलेला लिंगायत. एवढं बघून भोळ्या सिद्धाप्पाने करार न वाचताच सही ठोकली. मग गल्लीतल्या लिंगायत आणि जैन घरांत त्यानेच हा केक पोचवला. जो तो विचारायचा, "अंडं न्हाय न्हवं?" सिद्धाप्पा शर्टावरून छातीवरच्या लिंगाला हात लावायचा आणि म्हणायचा, "आण घिऊन सांगतो, न्हाय."

म्हणजे गेला महिनाभर तो खोटी आण घेत होता. आपल्याच माणसाने त्याला ती घ्यायला लावली होती.

"मला सांगाया तुला तोंड नव्हतं व्हय रं?"

"करारात आहे, आप्पा. कंपनी पाठवेल तो माल विकायचा."

"तू खातोस ह्यो केक?"

अमरेशने कागद सारखे केले. "मी गोड खात नाही."

तेवढ्यात समोरच्या घरातल्या शांताक्का आत आली. लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याला न शिवणारी म्हातारी. जन्मातला पहिला केक तिने खाल्ला तो पंधरा दिवसांपूर्वी, नातीच्या, भूमिकाच्या वाढदिवसाला.

"सिद्धाप्पा, तसलाच आणिक एक दे बाबा. लई मऊ हुता बघ. मला दात न्हाईत, तरी दोन तुकडं खाल्लं."

सिद्धाप्पा नेहमीच्या प्रश्नाची वाट बघत राहिला. म्हातारी काहीच विचारेना.

"इचार की, आक्का."

"काय इचारू? तू हाईस न्हवं."

अमरेशने डोळ्यांनी खुणावलं, गप्प बसा. समोर गिऱ्हाईक उभं, पाठीशी मोडलेली बेकरी. सिद्धाप्पाचा हात सवयीने छातीकडे गेला आणि मध्येच थांबला.

"अंडं हाय, आक्का. गेल्या टायमालाबी हुतं. मला ठावं नव्हतं. कंपनीनं फसवलं मला."

म्हातारीने हातातले पैसे परत कनवटीला खोचले.

"मी कंपनीकडनं न्हवता घेतला, सिद्धाप्पा."

एवढं बोलून ती पायरी उतरली. दुकानाशेजारच्या नळाशी वाकली, ओंजळ तोंडाला लावली आणि चूळ भरून थुंकली. पुन्हा ओंजळ भरली. सिद्धाप्पा काचेआडून बघत होता. पंधरा दिवसांपूर्वीचा घास, म्हातारी अजून चुळा भरत होती.