गळ्यातली पट्टी

"माझी काहीही तक्रार नाही. सहकार्याबद्दल आभारी आहे," आप्पांच्या गळ्यातली पट्टी त्यांच्याच आवाजात बोलली.

"बघा ताई, पेशंट खूश आहे," असं म्हणत फिजिओथेरपिस्टने आप्पांचा लुळा उजवा हात ओढून त्यांना पुन्हा उठवून बसवलं. आप्पांच्या डोळ्यांत पाणी तरारलं.

त्यांची मुलगी सुनंदा ते बघत होती. पक्षाघाताने वाचा गेल्यावर, आठ दिवसांपूर्वी, हॉस्पिटलने ही पट्टी बसवली होती. मनात आलेलं ती माणसाच्या नेहमीच्या शब्दांत सांगते म्हणे. ते शब्द शिकवायला जुनी रेकॉर्डिंग हवी होती. आप्पांनी एकतीस वर्षं वीज कंपनीच्या तक्रार केंद्रात नम्रपणे फोन घेतले होते. ती रेकॉर्डिंग सुनंदानेच मोठ्या कौतुकाने मिळवून दिली होती. घरात मात्र आप्पा चहा कोमट झाला तरी कप आदळायचे. आभार त्यांनी कधी कुणाचे मानले नव्हते.

"पट्टी काढा," ती म्हणाली.

"मग ते बोलणार कसे?"

तिने स्वतःच ती ओरबाडून काढली आणि आपलं मनगट आप्पांच्या डाव्या हातात दिलं. "आप्पा, खांदा दुखतोय? दुखत असेल तर दाबा."

त्यांनी असं दाबलं की तिच्या दोन बांगड्या फुटल्या.

"आता माझी तक्रार लिहून घ्या," मनगटावरचं रक्त न पुसताच ती फिजिओथेरपिस्टला म्हणाली. "आणि खबरदार, सहकार्याबद्दल आभार मानलेत तर!"